बर्क : मुस्कटदाबीचे एक इंग्रजी क्रियापद

'बर्क' हे नाव कानावर पडले की व्याख्यानांची आवड असलेल्या मंडळींच्या डोळ्यांपुढे पहिल्याने उभा राहतो तो एडमंड बर्क. वॉरन हेस्टिंग्जवरील खटल्यात १७८८ साली जो सतत चार दिवस आरोपांचे भाषण करीत राहिला, तो हा थोर वक्ता. परंतु आज आम्हांला ज्याच्याविषयी लिहायचे आहे तो बर्क हा नव्हे. आमचा बर्क वक्ता तर नव्हताच. उलट दुसऱ्याचे तोंड कायमचे बंद करणे हाच त्याचा धंदा होता. आणि भाषेचा न्याय असा विलक्षण, की चार दिवस बोलणाऱ्या बर्कच्या नावाचे क्रियापद झाले नाही. तोंड बंद करणाऱ्याच्या नावाचे मात्र झाले.

माणसाच्या नावापासून शब्द तयार करण्याची खोड सर्वच भाषांना असते. मराठीत आपण 'भगीरथ प्रयत्न' म्हणतो, 'कुंभकर्णी झोप' म्हणतो. इंग्रजी ह्याच्याही पुढे जाते आणि नावाचे सरळ क्रियापद करून टाकते. आयर्लंडातील मेयो परगण्यात १८८० साली लोकांनी कॅप्टन बॉयकॉट ह्या जमीनदाराच्या कारभाऱ्याशी सर्व व्यवहार तोडले, आणि जगाला 'बॉयकॉट' हा शब्द मिळाला. तो आपल्या स्वदेशी चळवळीपर्यंत येऊन पोहोचला व घरोघरी माहीत झाला. 'बर्क' हा मात्र तितका भाग्यवान नाही. आजच्या सुशिक्षित इंग्रज माणसालाही हे क्रियापद भेटले तर बहुधा कोश उघडावा लागेल. असे असूनही आपल्या देशात तो शब्द अजून जिवंत आहे, आणि ज्या ठिकाणी तो जिवंत आहे त्या ठिकाणी आपल्यापैकी कोणालाही उद्या जावे लागण्याचा संभव आहे. म्हणून त्याचा अर्थ नीट समजून घेणे हा केवळ शब्दांचा शोक नव्हे.

प्रथम त्याची जन्मकथा पाहू.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्कॉटलंडातील एडिंबरो शहर वैद्यकीच्या शिक्षणासाठी प्रसिद्ध होते. शरीररचना शिकावयाची तर प्रेते हवीत. आणि कायद्याने प्रेते मिळण्याचा मार्ग फार अरुंद होता. १७५२ च्या कायद्यान्वये फाशी गेलेल्या खुन्यांचे देह विच्छेदनासाठी मिळत. पण विद्यार्थी वाढत चालले आणि फाशीचे खुनी काही त्या प्रमाणात वाढले नाहीत. साहजिकच प्रेतांचा चोरटा व्यापार सुरू झाला. रात्री कबरी उकरून ताजी प्रेते पळविणाऱ्या टोळ्या निर्माण झाल्या. लोक कबरींवर लोखंडी पिंजरे बसवू लागले, कबरस्तानांत पहाऱ्यासाठी मनोरे बांधू लागले.

विल्यम बर्क आणि विल्यम हेअर हे दोघे मूळचे आयर्लंडचे. मजुरीसाठी ते स्कॉटलंडात आले होते. हेअर व त्याची बायको एडिंबरोच्या वेस्ट पोर्ट भागात गोरगरिबांसाठी एक भाड्याची खाणावळवजा धर्मशाळा चालवीत. १८२७ च्या नोव्हेंबरात तेथे एक म्हातारा पेन्शनर आजाराने वारला. त्याच्याकडे चार पौंड भाडे थकले होते. ते वसूल करण्यासाठी ह्या दोघांनी त्याचे प्रेत डॉ. रॉबर्ट नॉक्स ह्यांच्या शरीरशास्त्राच्या खाजगी वर्गात नेऊन विकले. साडेसात पौंड हातात पडले. हे प्रेत कोठून आले, असे कोणी विचारले नाही.

तेथून पुढे त्यांनी कोणाच्या मरणाची वाट पाहिली नाही. १८२८ ह्या एका वर्षात त्यांनी सोळा माणसे मारली व सर्वांची प्रेते नॉक्स ह्यांच्या वर्गात विकली. रीत ठरलेली असे. एकटादुकटा, निराधार, ज्याच्यामागे कोणी विचारणारे नाही असा मनुष्य हेरावयाचा. त्याला घरी आणून भरपूर दारू पाजावयाची. तो शुद्ध हरपून पडला की एकाने त्याच्या अंगावर भार टाकून त्याला जखडून धरावयाचे आणि दुसऱ्याने नाक व तोंड दाबून धरावयाचे. सुरा नाही, दोरी नाही, गळ्यावर बोटांचे वळ नाहीत. देह जणू झोपेत प्राण गेल्यासारखा दिसे, आणि विच्छेदनाच्या टेबलावर त्याला पुरी किंमत येई.

ह्या सोळांत जेमी विल्सन नावाचा एक भोळसट तरुण होता. तो शहराच्या रस्त्यांवर सर्वांच्या ओळखीचा. त्याचे प्रेत टेबलावर आले तेव्हा काही विद्यार्थ्यांनी त्याला ओळखले, परंतु हा तो नव्हेच असे डॉक्टरांनी सांगितले आणि प्रश्न तेथेच मिटला, अशी हकीकत सांगतात. पुढील विवेचनासाठी ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. माणूस आधी गुदमरला होता. आता त्याच्याविषयीचा प्रश्नही गुदमरला.

३१ ऑक्टोबर १८२८ रोजी डॉकर्टी नावाच्या एका वृद्ध आयरिश बाईची पाळी आली. त्या वेळी बर्कच्या खोलीत ग्रे नावाचे एक गरीब जोडपे बिऱ्हाडाला होते. दुसऱ्या दिवशी त्यांना बिछान्याजवळच्या गवताखाली त्या बाईचे प्रेत आढळले. बोभाटा करू नका, आठवड्याला दहा पौंड मिळतील, अशी विनवणी बर्कच्या बाईने केली. हे दहा पौंड ग्रे पतिपत्नींच्या दृष्टीने केवढे मोठे असतील ह्याचा विचार करावा. ती लाच त्यांनी घेतली नाही. ते पोलिसांकडे गेले. पोलीस त्याच संध्याकाळी आले. तोवर प्रेत हलविले गेले होते. परंतु म्हातारी केव्हा निघून गेली असे विचारता एकाने सकाळचे सात सांगितले आणि दुसऱ्याने संध्याकाळचे सात. दुसऱ्या दिवशी नॉक्स ह्यांच्या वर्गात प्रेत सापडले.

तरीही खटला सोपा नव्हता. मृत्यू गुदमरून झाला की आपोआप, हे वैद्यांना छातीठोकपणे सांगता येईना. कारण खूणच नव्हती. अखेरीस हेअरला माफीचा साक्षीदार करावे लागले. २४ डिसेंबर १८२८ रोजी सकाळी सुरू झालेला खटला रात्रभर चालून नाताळच्या सकाळी संपला. बर्क दोषी ठरला आणि २८ जानेवारी १८२९ रोजी हजारो लोकांच्या देखत फाशी गेला. त्याचा देह विच्छेदनासाठीच देण्यात आला, व त्याचा सांगाडा आजही एडिंबरो विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. हेअर सुटला. नॉक्स ह्यांच्यावर खटला झाला नाही. १८३२ साली पार्लमेंटने शरीरशास्त्राचा कायदा करून बेवारशी प्रेते कायदेशीरपणे मिळण्याची सोय केली, तेव्हा हा व्यापार मोडला. व्यापार गेला, पण शब्द राहिला.

तो शब्द जन्मला केव्हा? फाशीच्या वेळीच. जमावातील लोक ह्याला दोर देऊ नका, ह्याला बर्कच करा, अशा अर्थाच्या आरोळ्या देत होते, असे लंडनच्या 'टाइम्स' पत्रात फेब्रुवारी १८२९ च्या आरंभीच छापले गेले. कृत्य दोघांचे, क्रियापद मात्र फाशी गेलेल्या एकाच्याच नावावर चढले.

आता अर्थाकडे वळू. मूळ अर्थ अगदी शब्दशः : अंगावर खूण न ठेवता एखाद्याला गुदमरवून मारणे. १८३६-३७ मध्ये निघालेल्या डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स' मध्ये, एक व्यापारी गूढ रीतीने नाहीसा झाल्याचे ऐकताच पिकविकसाहेब घाबरून विचारतात, की त्याला 'बर्क' तर केले नाही ना? वाचकांना तो शब्द समजावून सांगण्याची गरज डिकन्सला वाटली नाही. खटल्याला तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती.

लवकरच दुसरा, लाक्षणिक अर्थ पुढे आला, आणि मूळ अर्थ मागे पडला. आता कर्म म्हणून माणूस येईना. प्रश्न, चर्चा, चौकशी, अहवाल, पुस्तक असे शब्द येऊ लागले. पार्लमेंटातील चर्चांत आणि वृत्तपत्रांत सभासद एकमेकांवर आरोप करू लागले, की सरकारने अमुक चौकशी 'बर्क' केली. क्रियापद सकर्मक आहे, हे लक्षात ठेवावे. नुसते 'तो बर्क करतो' असे म्हणता येत नाही. काय बर्क करतो, ते सांगावे लागते.

परंतु इंग्रजीत दडपण्यासाठी शब्दांचा तोटा नव्हता. मग ह्या शब्दाचे वेगळे काम कोणते? ते समजण्यासाठी आपल्याच भाषेतील शेजारी शब्द घेऊन पाहू.

'दडपणे' ह्या शब्दात जोर आहे, आणि तो जोर दिसतो. बंड दडपले तर सर्वांना कळते. 'बासनात गुंडाळणे' ह्यात कागद नाहीसा होत नाही. तो बासनात असतो, आणि उद्या कोणी सोडून वाचू शकतो. 'भिजत घोंगडे' म्हणजे निकाल लांबणीवर. घोंगडे तर सर्वांच्या डोळ्यांपुढे असते. 'पांघरूण घालणे' ही घडून उघडकीला येऊ लागलेल्या गोष्टीवरची क्रिया आहे. 'तोंड दाबून बुक्क्यांचा मार' खाणारा निदान जिवंत राहतो आणि त्याच्या पाठीवर वळ उमटतात. 'गळचेपी' बरीच जवळ येते, पण गळा चेपला तर बोटांच्या खुणा राहतात. सर्वांत जवळचा शब्द 'मुस्कटदाबी'. तीत तोंडच दाबलेले असते. ओरड बाहेर पडतच नाही. मात्र मुस्कटदाबी माणसांची होते, आणि इंग्रजीतला बर्क प्रश्नाला व कागदालाही लागू पडतो, एवढा फरक मानावा.

म्हणजे 'बर्क करणे' ह्या क्रियेची तीन लक्षणे झाली. पहिले, ती ओरड होण्यापूर्वी केली जाते. दुसरे, ती मागे खूण ठेवीत नाही. नंतर पाहणाऱ्याला वाटावे की येथे काही घडलेच नाही. तिसरे, ती बहुधा अशाच्या वाट्याला येते ज्याच्यामागे विचारणारे कोणी नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. एखाद्या नगरपालिकेच्या सभेत पाण्याच्या टाकीच्या खर्चाविषयी सभासदाने प्रश्न विचारला आणि अध्यक्षांनी तो नियमबाह्य ठरविला, कारणासह इतिवृत्तात तशी नोंद झाली. तर प्रश्न फेटाळला गेला, बर्क झाला नाही. फेटाळणे चूक असेल तर त्याविरुद्ध दाद मागता येते. परंतु तोच विषय कार्यक्रमपत्रिकेत अगदी शेवटी घातला, आणि तो येण्याच्या वेळी चार मंडळी चहाला म्हणून उठून गेली, गणपूर्ती राहिली नाही, आणि पुढच्या सभेच्या पत्रिकेत तो विषय छापलाच गेला नाही, तर तो प्रश्न बर्क झाला. कोणी नाही म्हटले नाही. इतिवृत्तात शोधू गेल्यास काही सापडणार नाही. दाद तरी कशाविरुद्ध मागावयाची?

आता आम्ही आरंभी म्हटले त्या ठिकाणाकडे येऊ. हा शब्द आपल्या देशात जेथे टिकून आहे ते ठिकाण म्हणजे पोलीस खाते आणि त्याच्याशी संबंध येणारी न्यायालये. इंग्रजी अमदानीच्या दप्तरी भाषेतले कितीतरी शब्द विलायतेत म्हातारे झाले तरी आपल्या कचेऱ्यांत तरुण राहिले, त्यांतलाच हा एक. आपल्याकडील पोलिसी इंग्रजीत 'गुन्हा बर्क करणे' म्हणजे फिर्याद घेऊन आलेल्या माणसाची फिर्यादच नोंदवून न घेणे. येथे अर्थाची एक चमत्कारिक उलटापालट झालेली दिसेल. एडिंबरोत बर्क करणे हा गुन्हा होता. आपल्याकडे गुन्हाच बर्क होतो.

आणि शब्दाची तिन्ही लक्षणे येथे किती तंतोतंत लागू पडतात पाहा. फिर्याद लिहून घेतली, तपास केला, पुरावा मिळाला नाही म्हणून प्रकरण बंद केले, तर कागद राहतो. वरिष्ठाला, न्यायालयाला तो पाहता येतो. परंतु पहिला कागदच झाला नाही, तर सरकारच्या लेखी तो गुन्हा घडलेलाच नसतो. फिर्यादी मनुष्य खाली हात घरी जातो. ठाण्यात त्याच्या येण्याची खूणही उरत नाही.

ह्याचे प्रकारही अनेक. साहेब नाहीत, उद्या या. ही हद्द आमची नव्हे, पलीकडच्या ठाण्यात जा. हा तुमच्या घरातला मामला आहे, आपसांत मिटवा. काही वेळा नोंद होते, पण आकसून होते. खिशातून फोन चोरीला गेला असे सांगणाऱ्याला, 'गहाळ' झाला असे लिहून द्या, म्हणून सांगण्यात येते. चोरीत चोर असतो, गहाळात कोणीच नसते. दखलपात्र गुन्ह्याची हकीकत अदखलपात्र म्हणून नोंदविली जाते आणि तपास करण्याचे कर्तव्यच उरत नाही.

ह्यात सर्व दोष ठाण्यातील अंमलदाराच्या पदरात टाकणे अन्यायाचे होईल. त्याच्या कामाची परीक्षा पुष्कळदा गुन्ह्यांच्या आकड्यावरून होते. ज्या ठाण्यात गुन्हे कमी नोंदले त्या ठाण्याची शाबासकी. ज्याने प्रामाणिकपणे सर्व नोंदले त्याला विचारणा. आणि ही परीक्षा घेणाऱ्यांत आपणही असतो. अमुक शहरात गुन्हे वाढले असे वर्तमानपत्रात वाचले की आपण पोलिसांना नावे ठेवतो. ते गुन्हे वाढले की नोंद वाढली, हा प्रश्न आपण विचारीत नाही. ज्या आकड्याची आपण स्तुती करतो तो आकडा कधी कधी बर्क झालेल्या फिर्यादींवर उभा असतो.

१२ नोव्हेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने 'ललिता कुमारी विरुद्ध उत्तर प्रदेश शासन' ह्या प्रकरणात निकाल दिला. आलेल्या माहितीवरून दखलपात्र गुन्हा उघड होत असेल तर प्रथम खबर नोंदविणे बंधनकारक आहे, पोलिसाला त्यात मर्जी चालविता येत नाही, असे त्यात ठरले. कौटुंबिक तंटे, व्यापारी व्यवहार, वैद्यकीय हलगर्जीपणा, लाचलुचपत आणि अतिशय उशिरा आलेल्या तक्रारी अशा काही प्रकारांतच अगोदर थोडी चौकशी करण्याची मुभा ठेवली. खोट्या फिर्यादी होतात हे न्यायालयाने नाकारले नाही. पण त्यावर उपाय तपास करणे हा आहे, नोंद न करणे हा नव्हे. ह्या निकालपत्रात आपले हे क्रियापद वारंवार येते. २०१२ साली देशात सुमारे ६० लक्ष दखलपात्र गुन्हे नोंदले गेले होते. जवळजवळ तितकेच दर वर्षी 'बर्क' होत असावेत, असा अंदाज न्यायालयाने तेथे दिला आहे. एडिंबरोतील सोळा माणसांपासून निघालेला शब्द कोठवर आला, ते ह्यावरून दिसेल.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिचे कलम १७३ प्रत्येक नागरिकाने माहीत करून घ्यावे असे आहे. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असो, खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. लोक ह्याला 'झिरो एफ.आय.आर.' म्हणतात. खबर तोंडी देता येते, तशी इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते. मात्र तशी दिल्यास तीन दिवसांत सही करावी लागते. नोंदीची प्रत फुकट आणि ताबडतोब मिळाली पाहिजे. तीन वर्षे ते सात वर्षांच्या आत शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकाच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. परंतु तीही परवानगीने, म्हणजे कागदावर. ठाण्याने नकार दिला तर हकीकत लिहून टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी, आणि तेथेही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. बलात्कारासारख्या स्त्रियांवरील काही गंभीर गुन्ह्यांची खबर न नोंदविणाऱ्या लोकसेवकाला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व दंड सांगितला आहे.

ह्या सर्व तरतुदींमागचे सूत्र एकच आहे : खूण राहिली पाहिजे. बर्क करणाऱ्याचे बळ खूण न ठेवण्यात असते; म्हणून त्यावरचा उपायही खूण ठेवण्यातच आहे. तोंडी सांगून परत येऊ नये. लिहून द्यावे, पोच मागावी, तारीख घालावी, प्रत जपून ठेवावी. आपल्याला लिहिता येते, म्हणून हे आपल्याला सोपे आहे. ज्याला येत नाही, जो परगावचा मजूर आहे, ज्याच्याबरोबर ठाण्याच्या पायऱ्या चढायला कोणी नाही, त्याच्याच वाट्याला हे क्रियापद प्रथम येते. अशा माणसाबरोबर अर्धा तास जाऊन चार ओळी लिहून देणे, हे आपल्यापैकी कोणालाही करता येण्यासारखे आहे.

वेस्ट पोर्टमधील त्या घरात वर्षभर माणसे गुदमरत होती, आणि कोणाला पत्ता नव्हता. एवढ्या मोठ्या विद्वान नगरीत ते उघडकीस आणले ते कोणा पंडिताने नव्हे, तर एका बिऱ्हाडकरू जोडप्याने. त्यांनी दहा पौंड नाकारले आणि तक्रार केली, हे एक. आणि पोलिसांनी ती त्याच दिवशी ऐकून घेतली, हे दुसरे. दोहोंपैकी एक जरी चुकले असते, तरी सतराव्या बळीची पाळी आली असती आणि इंग्रजी भाषेला हे क्रियापदही मिळाले नसते.